कोरियन ड्रामातल्या पात्रांसारखे कपडे आपल्याकडे रोज घालता येतील का? कसे?

तुम्ही विचारलंय की के-ड्रामे बघून बघून त्यातल्या बायकांसारखं ड्रेसिंग करावंसं वाटतं, पण इथलं ऊन, खिशातले पैसे आणि "हे काय घातलंयस" म्हणणारी माणसं, या सगळ्यातून ते जमेल का. जमतं. मी पुण्यात राहते आणि ऑफिसला पण असंच जाते, त्यात माझं बालपण आमच्या कापडाच्या दुकानात गेल्यामुळे ड्रामा बघताना हिरोच्या चेहऱ्याआधी मला त्याच्या कोटाचं कापड दिसतं, त्याला इलाज नाही.

सगळ्यात आधी, आवडलेला ड्रामा कुठल्या महिन्यात लागला होता ते शोधा. हे ऐकायला विचित्र वाटेल पण निम्मं काम इथेच होतं. कोरियात टीव्हीवरच्या ड्रामांचं शूटिंग बरेचदा एपिसोड दाखवायला सुरुवात झाल्यावरही चालूच असतं, त्यामुळे पडद्यावरचा ऋतू आणि सोलच्या रस्त्यावरचा ऋतू साधारण जुळतो. (आधी पूर्ण शूट करून मग एकदम येणाऱ्या सिरीजना हे लागू नाही.) आता बघा, 'गॉब्लिन' डिसेंबर 2016 ते जानेवारी 2017, 'क्रॅश लँडिंग ऑन यू' डिसेंबर 2019 ते फेब्रुवारी 2020, 'माय लव्ह फ्रॉम द स्टार' डिसेंबर 2013 ते फेब्रुवारी 2014. आपण ज्यांच्या लांब लांब कोटांवर जीव टाकतो ते सगळे भर थंडीतले ड्रामे, जेव्हा सोलचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास असतं. 'गॉब्लिन'चा हिरो गोंग यू, त्याचा तो घोट्यापर्यंतचा कोट तिथे गरज म्हणून आहे, इथे तो घालून डेक्कनला गेलात तर सिग्नल सुटायच्या आत घामाने भिजाल. याउलट 'व्हॉट्स राँग विथ सेक्रेटरी किम' जून-जुलै 2018 चा, 'हॉटेल डेल लुना' जुलै ते सप्टेंबर 2019, 'इट्स ओके टू नॉट बी ओके' जून ते ऑगस्ट 2020. म्हणजे हे सगळे तिथल्या पावसाळ्या-उन्हाळ्यातले, आणि सोलचा जुलै आपल्यासारखाच चिकचिकीत असतो, पाऊस, दमटपणा, सगळं. तर या ड्रामांमधले कपडे पातळ कापडाचे आहेत आणि ते इथे सरळ चालतात. मुंबई किंवा कोकणात राहत असाल तर 'होमटाऊन चा-चा-चा' बघा, समुद्रकाठच्या गावातली गोष्ट आहे, त्यातल्या होंग दू-शिकचे सैल शर्ट तर मुलींनी पण उचलावेत असे आहेत.

दुसरं म्हणजे कपडा बघू नका, तो त्या बाईने का घातलाय ते बघा. सेक्रेटरी किम, म्हणजे पार्क मिन-यंगची किम मि-सो, नऊ वर्षं एका अतिशहाण्या बॉसची कामं निमूट करतेय, घरचं कर्ज फेडतेय, त्यामुळे तिच्या कपड्यात एक सुरकुती दिसणार नाही, गळ्याशी बो बांधलेला ब्लाऊज, कमरेत नीट खोचलेला, अरुंद स्कर्ट, पोनीटेल. तो तिचा युनिफॉर्म आहे. 'इट्स ओके टू नॉट बी ओके'मधली को मून-यंग (सो ये-जी) लहान मुलांची पुस्तकं लिहिणारी पण माणसांशी वागता न येणारी बाई, तिच्या फुगलेल्या बाह्या, आवळलेली कंबर, भलीमोठी कानातली, हे सगळं चिलखत आहे, कोणी जवळ येऊ नये म्हणून. आणि म्हणून ती जेव्हा स्वतःचे लांब केस स्वतःच कापते तेव्हा आपल्याला धस्स होतं, कारण ते केस आईच्या धाकातून आलेले असतात. 'हॉटेल डेल लुना'मधली आययूची जांग मान-वोल हजारेक वर्षं एकाच जागी अडकलेली, भुतांचं हॉटेल चालवणारी, तिला आता टोप्या आणि भारी भारी ड्रेस यांशिवाय करमणूक तरी काय. आणि 'एक्स्ट्राऑर्डिनरी अॅटर्नी वू'मधली वू यंग-वू, ऑटिस्टिक वकील, तिचे सूट सगळे मऊ आणि सैल, पाठीला सॅक, कानाला हेडफोन, कारण तिला आवाज आणि गर्दी सहन होत नाही.

हे एवढं सांगायचं कारण असं की तुम्ही जर रोज बसने आणि नंतर चालत कॉलेजला जाणाऱ्या असाल आणि को मून-यंगच्या बाह्या शिवून घेतल्यात, तर त्या सॅकच्या पट्ट्याखाली चेपून संध्याकाळपर्यंत त्यांचं भरीत होणार. रोजच्यासाठी वू यंग-वू किंवा किम मि-सो घ्या, मून-यंग आणि मान-वोल लग्नाच्या रिसेप्शनसाठी राखून ठेवा. तिथे मात्र जरूर घाला, आपल्या लग्नांमध्ये कितीही नटलं तरी कोणाला जास्त वाटत नाही.

आता फिटिंग, हा माझा आवडता विषय. कोरियन रेडीमेडमध्ये बायकांचे साइज 44, 55, 66, 77 असे असतात. 55 म्हणजे 155 सेंमी उंची आणि 85 सेंमी छाती, जुन्या एका मोजणीतल्या सरासरी बाईच्या मापाचे शेवटचे आकडे. आपल्याकडे ऑनलाइन "कोरियन स्टाइल फ्री साइज" म्हणून जे येतं ते याच अंगाने कापलेलं असतं, म्हणजे फ्री कोणासाठी ते तुम्हीच ठरवा. छाती भरलेली असेल, कंबर आणि नितंबात फरक असेल तर ते पुढून वर उचलल्यासारखं दिसतं आणि आपल्याला वाटतं की आपलंच शरीर चुकीचं. शरीर ठीक आहे, कापड दुसऱ्याच्या मापाने कापलंय. त्यात पडद्यावर दिसतं ते पण तसंच्या तसं दुकानातलं नसतं, नटीची स्वतःची स्टायलिस्ट टीम असते, कपडे बरेचदा ब्रँडकडून उसने येतात, जिथे ढगळ वाटेल तिथे पाठीमागून पिना आणि क्लिपा लावतात. कॅमेरा पुढे आहे ना, पाठ कोण बघतंय.

म्हणून माझं मत, शिवून घ्या. आपल्याकडे चांगले टेलर अजून गल्लीगल्लीत आहेत आणि हे आपलं नशीब आहे. पण टेलरला फोटो दाखवून "असं पाहिजे" म्हणू नका, कारण तो मान डोलावणार आणि त्याच्या हातातल्या नेहमीच्या कुर्त्याच्या मापाने शिवून देणार. त्याला त्याच्या भाषेत सांगायचं. उदाहरणार्थ तो कोरियन ढगळ ब्लेझर किंवा शर्ट. लोक काय करतात, भावाचा किंवा नवऱ्याचा शर्ट घालतात नाहीतर दोन साइज मोठा घेतात, मग गळा मागे पडतो, बाही बोटांवर येते आणि अंगात शिरलेलं माणूस हरवून जातं. खऱ्या ओव्हरसाइजमध्ये फक्त खांदा उतरवलेला असतो, गळा तुमच्याच मापाचा असतो. तर टेलरला सांगायचं, खांदा दोन्ही बाजूंनी दीड दीड इंच बाहेर, मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) एक इंच खोल, आणि खांदा जेवढा बाहेर काढला तेवढी बाही आखूड. ही शेवटची गोष्ट विसरलात तर सगळं मुसळ केरात. पुढचे टक्स नकोत. बास, एवढ्याने तो शर्ट तिकडचा दिसायला लागतो.

किम मि-सोच्या बो ब्लाऊजचं पण असंच. कापड क्रेप घ्या, जॉर्जेटला आतून अस्तर लागतं आणि मग गरम होतं. बोची पट्टी उरेब (म्हणजे तिरकी) कापायला सांगा, ठासून सांगा, कारण कापड वाचवायला टेलर ती सरळ कापतात आणि मग बो शाळेतल्या रिबिनीसारखा ताठ उभा राहतो. उरेब कापलेली पट्टी गळ्यावरून मऊ खाली पडते. पांढरा, ऑफ व्हाइट, फिकट निळा हे तिथले रंग, पण मला स्वतःला आपल्या रंगावर त्याहून गर्द रंग आवडतात, वाइन, बाटली हिरवा, मोरपंखी. मि-सोचा कट आणि आपला मोरपंखी, काय बिघडतं? गोरं दिसायच्या नादात फिकट बेज घालून आजारी दिसण्यापेक्षा बरं.

रुंद पायाच्या उंच कमरेच्या पँटसाठी लेडीज सेक्शनमध्ये जाऊच नका, सरळ पुरुषांच्या सूटिंगमध्ये जा. 58 इंच पन्ना (कापडाची रुंदी) असतो, उंचीप्रमाणे सव्वा ते दीड मीटर लागतं, पॉली-विस्कोस घेतलं तर पडतं छान आणि इस्त्री पण टिकते. पुढे दोन प्लीट, कमर बेंबीपर्यंत, आणि लांबी बूट घालून मोजायची, नुसत्या पायाने नाही. उंची कमी असेल तर ही पँट वरदान आहे, पाय कुठे सुरू होतो तेच कळत नाही.

तोच कोट, तीच पर्स विकत घ्यायच्या फंदात पडू नका असं मी सांगीन. कोरियात 2010 पासून कार्यक्रमात पैसे घेऊन वस्तू दाखवायला रीतसर परवानगी आहे, त्यामुळे नायिकेच्या हातातली पर्स कथेची गरज म्हणून आली की कोणाच्या बिलामुळे, हे पाहणाऱ्याला कळत नाही. आणि याचा जोर केवढा असतो त्याचा एक किस्सा आहे. 'माय लव्ह फ्रॉम द स्टार'मध्ये जुन जी-ह्यूनने जी चॉन सोंग-यी केली ती चीनमध्ये एवढी गाजली की लोकांना तिचा कोट कोरियन साइटवरून मागवायचा होता, पण तिथल्या साइट्सना पैसे भरायला कोरियन डिजिटल सर्टिफिकेट लागायचं, जे परदेशी माणसाकडे कुठून असणार. तर मार्च 2014 मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांनी सरकारी नियम कमी करण्याच्या बैठकीत चक्क या कोटाचं उदाहरण दिलं, की बघा, लोक पैसे घेऊन उभे आहेत आणि आपण विकू शकत नाही. एका सिरीयलचा कोट थेट राष्ट्राध्यक्षांच्या बैठकीत! आपल्याकडे मालिकांमधल्या मंगळसूत्रांची फॅशन येते ती पण काही कमी नसते म्हणा, पण अजून कॅबिनेटपर्यंत गेलेली नाही.

लोक काय म्हणतील याबद्दल, खरं सांगू का, अर्ध्या गोष्टी घरच्यांना उलट आवडतात. कोरियन ऑफिसवाल्या पात्रांचे गळे बंद असतात, बाह्या लांब असतात, आई-आजीला नाव ठेवायला जागाच मिळत नाही. स्कर्टची उंची हा विषय वेगळा, तिथे ते भलतेच उदार आहेत, तो तुम्ही आणि तुमची आई बघून घ्या. मोजे मात्र चांगले घ्या, कोरियात आपल्यासारखेच बूट दाराशी काढून घरात जातात त्यामुळे ड्रामात मोजे सतत दिसतात आणि लोफरवर पांढरे मोजे हा सगळ्यात स्वस्तात होणारा कोरियन लुक आहे. क्लिपा, केसांचे बो, बारीक कानातली हे सगळं पुण्यात तुळशीबाग नाहीतर हाँगकाँग लेनमध्ये मिळतं, त्यासाठी ऑनलाइन पैसे घालवू नका. कपाळावरच्या त्या पातळ बटा कापायच्या असतील तर पावसाळा जाऊ दे, दमट हवेत त्या कपाळाला चिकटतात.

मुलगे वाचत असतील तर, 'इतेवॉन क्लास'च्या पार्क से-रो-यीचा तो कपाळावर सरळ रेषेत कापलेला आखूड कट पार्क सो-जूनला शोभला, तुम्हाला शोभेलच असं नाही. केस वाढायला वेळ लागतो, आधी जॅकेटपासून सुरुवात करा.

सुरुवात एकाच जोडीने करायची असेल तर ती पँट आणि उतरत्या खांद्याचा शर्ट घ्या, दोन्ही मिळून कापड फार महाग पडत नाही, शिलाई तुमच्या भागातल्या रेटप्रमाणे. आणि शर्टाचं कापड सुती किंवा रेयॉन असेल तर टेलरकडे टाकायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा, ही कापडं पहिल्या धुण्यात आटतात आणि टेलर हे स्वतःहून सांगत नाहीत. रंग गर्द असेल तर वेगळ्या बादलीत भिजवा.