गावातच पर्यावरणाची कामं उभी करायची असतील तर आधी दुसऱ्या वर्षाची मजुरी ठरवा

तुम्ही विचारलंय की गावातली पोरं बारावी नाहीतर आयटीआय झाली की पुणे-चाकणची वाट धरतात, तर गावात राहून घरही चालेल आणि जमीन-पाण्याचंही भलं होईल अशी कामं खरंच उभी करता येतात का, की सगळं झाडं लावायच्या फोटोपुरतंच असतं. तुमचं गाव कुठलं ते लिहिलं नाही. मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातली, बचत गटाच्या रोपवाटिकेत काम करते, त्यामुळं इकडचंच सांगते, तुमच्याकडं काय लागू पडतंय ते तुम्हीच बघा.

करता येतात. फक्त काम शोधत बसू नका, काम गावात पडलेलंच असतंय. फुटलेला बांध, गाळानं भरलेला तलाव, पेटवलेलं पाचट (ऊस तुटल्यावर शेतात राहणारा वाळका पाला), ओढ्यातलं प्लास्टिक, हे सगळं कामच आहे की. शोधायचं ते एवढंच की ह्या कामाची मजुरी दुसऱ्या वर्षी आणि तिसऱ्या वर्षी कोण देणार. पहिल्या वर्षी पैसे मिळतात हो, एखादी संस्था येते, एखादी कंपनी सीएसआरमधून (कंपनीच्या समाजकार्याच्या पैशातून) देते, बोर्ड लागतो, नारळ फुटतो. नंतर कोणी विचारत नाही आणि ज्या पोराला तुम्ही "गावात थांब" म्हणून थांबवलेलं असतं तो परत बॅग भरतो. 

आमच्या तालुक्याचंच घ्या. 2016 ला पानी फाउंडेशन ह्या संस्थेची वॉटर कप, म्हणजे गावांनी श्रमदानानं पाणी अडवायची स्पर्धा, पहिल्यांदा झाली तेव्हा राज्यातले तीनच तालुके होते, आमचं कोरेगाव, बीडचं अंबाजोगाई आणि अमरावतीचं वरुड, आणि पहिला नंबर आमच्या तालुक्यातल्या वेळूचा आला. भर उन्हात म्हातारी माणसं, पोरं, सुना सगळ्यांनी चर खोदले, बांध घातले, त्याचं मोल मोठंच आहे आणि मला त्याचा आजही अभिमान वाटतो. पण समतल चर (उतारावर आडवे खोदलेले, पाणी मुरवणारे) पहिल्या दोन-चार पावसाळ्यांत गाळानं भरत येतात, दगडी बांधाची कड निसटते, नाल्याचा सांडवा (जादा पाणी बाहेर जायची वाट) खचतो. श्रमदान एका उन्हाळ्याचं होतं, दर वर्षी तेवढीच माणसं तेवढ्याच जोमानं येतील असं धरून चालता येत नाही आणि ते मागणंही बरोबर नाही. इथंच खरी नोकरी आहे. गावात दोन-तीन माणसं अशी हवीत की ज्यांचं कामच पावसाळ्याआधी आणि नंतर शिवार फिरून कुठं काय फुटलंय ते बघणं, किरकोळ दुरुस्ती स्वतः करणं, विहिरींची पातळी लिहून ठेवणं आणि उन्हाळ्याला पाणी किती पुरेल ते ग्रामसभेत सांगणं. ह्यांना महिन्याला पैसे मिळाले पाहिजेत, सत्कार आणि शाल नको.

आता कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याकडं या, सातारा-सांगली भागात नदी-ओढ्यावर हे सगळीकडं दिसतील. पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या सुमाराला बरगे घालायचे, पुढच्या पावसाआधी काढायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण बरगा म्हणजे जड लोखंडी फळी, खांबाच्या खाचेत एकावर एक नीट बसवावी लागते, मध्ये रबराची पट्टी असते. रबर फाटलेलं असलं किंवा बरगा वाकलेला असला की फटीतून रात्रंदिवस पाणी जातंय, मग लोक तिथं प्लास्टिकचा कागद, गवत, माती, जुनी पोती जे हाताला लागेल ते कोंबतात, आणि एवढं करूनही जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत अर्धा बंधारा रिकामा. काढायला उशीर झाला तर त्याहून वाईट, पुराचं पाणी बाजूनं काठ कापून वाट करतं आणि कोणाची तरी जमीन घेऊन जातं. काठावर जेवढ्या मोटरी आहेत तेवढ्या सगळ्या शेतकऱ्यांचं नशीब त्या रबराच्या पट्टीवर अवलंबून आहे, तरी ते काम कोणाच्याच नावावर नसतं. गावातल्या चार पोरांना हे काम ठेक्यानं द्या, बरगे घालणं-काढणं, रबर बदलणं, रंगवणं, चोरी होऊ नये म्हणून मोजून गोडाऊनला ठेवणं. पैसे मोटरीवाल्यांनी द्यायचे, ज्याची मोटर मोठी त्यानं जास्त. ह्याला कायद्याचा आधारही आहे, 2005 ला शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला त्यात पाणी वापर संस्था करून पाणीपट्टी गोळा करता येते. संस्था कागदावर बऱ्याच ठिकाणी आहेत, त्यांना जागं करायला लागेल एवढंच.

पाचटाचं मी जरा जास्त सांगणार कारण मला ते रोज दिसतं आणि त्रास होतो. ऊस तुटून गेला की संध्याकाळी कोणीतरी काडी लावतो, धूर गावभर, शेजारच्या बांधावरची झाडं होरपळतात, कधी शेजाऱ्याचा उभा ऊस पेटतो आणि भांडण पोलीस स्टेशनपर्यंत जातं. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं, म्हणजे त्यातून होणारं सेंद्रिय खत शेतकरी फुकट जाळतो आणि मग जमीन कडक झाली म्हणून खतावर खर्च करतो. कृषी विद्यापीठाची शिफारस जुनीच आहे, पाचट सरीत दाबा, एका टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर टाका, पाणी द्या, ते तिथंच कुजतं. शिवाय ओल टिकते, तण कमी येतं, खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडातून परत फुटणाऱ्या पिकाला) एखादं पाणी वाचतं. शेतकऱ्याला हे माहीत नाही असं अजिबात नाही. त्याला ते करायला माणूस मिळत नाही, आणि पाचट तसंच राहिलं तर सरीतून पाणी पुढं सरकत नाही, म्हणून तो काडी लावतो. मग पाचट कुट्टीचं (बारीक तुकडे करायचं) मशीन गटानं घ्या, ट्रॅक्टर गावात असतातच, आणि एकरी दर ठरवून कुट्टी, बुडखे (तोडलेल्या उसाची जमिनीतली बुडं) छाटणं, कल्चर टाकणं असं पूर्ण कामच विका. इथं पगार देणारा स्वतः शेतकरी आहे, त्याला फायदा त्याच वर्षी दिसतो, त्यामुळं हा धंदा अनुदानाशिवाय चालतो. कारखान्याचा सीझन असेपर्यंत काम तुटत नाही. ह्यात एक काळजी घ्या, उधारी ठेवू नका, कारखान्याचं उसाचं बिल आल्यावर देतो म्हणणारे बरेच भेटतील आणि डिझेल तर रोज रोखीनंच भरायचं असतंय.

आता आमचं रोपवाटिकेचं. पिशवीत माती, वाळू, शेणखत भरणं हे बायकांना पिशवीमागं पैसे मिळणारं काम आहे आणि घरचं आवरून करता येतं. बी नुसतं टोचून येत नाही, बहावा, बाभूळ अशांचं टरफल कठीण असतं, गरम पाण्यात भिजवल्याशिवाय उगवण धड होत नाही, हे जिला कळतं तिच्या पिशव्या वाया जात नाहीत. मे महिन्यात सावलीची जाळी आणि दोन वेळचं पाणी चुकलं की सहा महिन्यांची मेहनत दोन दिवसांत वाळते. आणि सगळ्यात मोठा धोका ग्राहकाचा. एका संस्थेनं आमच्याकडं मोठी ऑर्डर तोंडी दिली, जुलैत फोन उचलायचंच बंद केलं, रोपं पिशवीत वाढत गेली, मुळ्या खाली जमिनीत घुसल्या. बायकांची मजुरी गटाच्या बचतीतून द्यायला लागली. तेव्हापासून अर्धी रक्कम आगाऊ आणि कागदावर सही असल्याशिवाय आम्ही पिशवी भरत नाही, तुम्हीही भरू नका.

रोपं लावल्यानंतरची मजुरी हा रोजगार हमीचा विषय आहे, आणि हे ऐकून नाक मुरडू नका. ही कल्पनाच आपल्या भागातली आहे, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे ह्यांनी ती मांडली, 1972 च्या दुष्काळात ती लाखो लोकांच्या कामी आली आणि 1977 ला तिचा कायदा झाला. 1990 पासून ह्यातूनच फळबागा लागल्या, आज कोरडवाहू माळावर ज्या आंबा, डाळिंब, बोराच्या बागा दिसतात त्यातल्या कितीतरी ह्याच योजनेतून उभ्या राहिल्या. ग्रामपंचायतीच्या झाडांसाठी ज्याला बिहार पॅटर्न म्हणतात तो मला फार आवडतो, त्यात काही कुटुंबांना 200 झाडं सोपवतात आणि तीन वर्षं ती जगवायची मजुरी देतात, झाडं जगली त्या प्रमाणात पैसे. विधवा बाई, म्हातारं जोडपं, अपंग माणूस, ज्यांना खोदाईचं काम झेपत नाही त्यांना हे काम जमतं. नियम मधूनमधून बदलतात म्हणून पंचायत समितीच्या रोजगार हमी कक्षात जाऊन सध्याचं काय ते विचारा आणि ग्रामरोजगार सेवकाला धरून कामाची मागणी लेखी द्या, पोच घ्या. तोंडी मागणीची नोंद कुठंच होत नाही.

पण झाडं सगळीकडं लावू नका. हे मी रोपं विकणारी असून सांगते. सड्यावर (खडकाळ सपाट पठारावर), गवताळ माळावर खड्डे खोदून झाडं घालणं म्हणजे तिथलं जे आहे ते मारणं आहे. साताऱ्याजवळचं कासचं पठार बघा, मातीच्या पातळ थरावर फुलं येतात, 2012 ला पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथं रोजगार आला तो जे आहे ते राखण्यातून. कास, एकीव, आटाळी, कासाणी ह्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांनी वनखात्याबरोबर मिळून पर्यटकांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली आणि त्यातून गावातलीच पोरं-पोरी गाईड, राखणदार, पार्किंग, कचरा उचलणं ह्या कामांना लागली. सीझन दीड-दोन महिन्यांचा, म्हणजे वर्षभराचं घर त्यावर चालणार नाही, पण शेतीला जोड म्हणून चांगलं.

सोलरचं थोडक्यात. पाटण तालुक्यातली मान्याची वाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम (सगळी वीज सूर्यावरची असलेलं गाव) झाली, आणि शेतात सौर पंप तर आता गावोगाव दिसतात. बसवायचं काम एकदाच असतं, पोरांनी दुरुस्तीकडं बघावं. मागेल त्याला सौर पंप योजनेत पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादार कंपनीची आहे, आणि पंप बंद पडला की शेतकरी आठवडेच्या आठवडे फोन करत बसतो कारण जवळपास माणूस नसतो. तालुक्यात आयटीआय इलेक्ट्रिशियन झालेल्या पोरांनी दोघा-तिघांनी मिळून कंपनीकडून सर्व्हिसचं काम घ्यावं, पाच वर्षांनी तेच शेतकरी त्यांचे स्वतःचे ग्राहक होतात. कचऱ्याचंही तसंच, कराड नगरपरिषद 2020 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिली आली, जाऊन त्यांचं काम बघून या, ओला-सुका वेगळा घेणारी माणसं रोज दारात येतात म्हणून ते चालतं. त्या माणसांना हातमोजे, बूट, विमा आणि वेळेवर पगार नसेल तर त्याला चांगली नोकरी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

तुमच्या जागी मी असते तर पुढच्या ग्रामसभेआधी दोन-तीन जणांना घेऊन शिवारफेरी केली असती आणि वहीत दोनच रकाने केले असते, एकात काय बिघडलंय आणि दुसऱ्यात ते नीट झालं तर पैसे कोणाचे वाचतात. ज्याचे वाचतात त्याच्याकडं आधी जायचं, मोटरीवाले, ऊसवाले, कारखाना, ग्रामपंचायत, कोणी का असेना. दुसरा रकाना जिथं रिकामा राहील ती कामं रोजगार हमीत घालायची. आणि एकाच कामानं सुरू करा, एका सीझनची मजुरी सगळ्यांच्या हातात वेळेवर पडली की मगच दुसरं. तुमचा तालुका, जमीन काळी आहे की मुरमाड, आणि ऊस आहे की कोरडवाहू एवढं कमेंटमध्ये लिहा, पहिलं काम कुठलं धरायचं ते त्यावरून सांगते.