आधी वस्तू नको, टॉर्च घे

गावोगावचा वारसा नोंदवायला निघाला आहेस, तर पहिल्याच दिवशी वस्तू गोळा करू नकोस. ठेवायला धड जागा नसते, आणि एक जरी हरवली तरी त्या घराचं दार बंद होतं. तिथेच फोटो काढ, वस्तू घरात राहू दे.

जुन्या फोटोच्या पाठीवर बॉलपेन चालवू नकोस, दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिल, कडेला, हलक्या हाताने. अल्बमला चिकटलेला फोटो ओढायचा नाही, पानासकट स्कॅन कर. ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, आणि बारकावे जपणारी टिफ फाइल. वाटायला वेगळी छोटी जेपीजी. लॅमिनेशन तर कधीच नाही. सुरुवातीला मी हौसेने एक कागद करून घेतला, तो आजतागायत सुटलेला नाही.

शिलालेख पुसट असला तर खडू, पावडर, तेल काहीही फासू नकोस. अंधार पडल्यावर टॉर्च बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धर. दिवसभर डोळे फोडूनही न दिसलेली अक्षरं सावलीने उठून येतात.

म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करताना आधी परवानगी, मग तारीख, गाव आणि नाव तुझ्याच आवाजात. पंखा बंद कर. ते गप्प झाले तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस. बरेचदा खरी गोष्ट त्यानंतरच येते. दोघांनी दोन हकिगती सांगितल्या तर दोन्ही लिही, निवाडा करत बसू नकोस.

आणि हो, फाइलींच्या तीन प्रती. त्यातली एक दुसऱ्या गावी.