आधी भरतीची वेळ विचार

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

अलिबाग ते रेवदंड्याच्या किनाऱ्यावर शाळाशाळांत जाऊन स्थलांतरित पक्ष्यांचं काम करायची संधी तुला मिळाली, याचा मला फार आनंद झाला. तू पाठवलेला वर्षाचा आराखडा नीट वाचला. त्यात मेहनत दिसते. पण तू मोकळेपणाने मत मागितलंस, म्हणून मोकळेपणानेच लिहिते.

वीस शाळा, प्रत्येक शाळेत एक स्लाइड शो, मग चित्रकला स्पर्धा आणि प्रमाणपत्रं, असं तू मांडलं आहेस. अहवालात हे छान दिसेल. किनाऱ्यावर मात्र त्याने काही हलणार नाही. एका तासात मुलं तुझं नाव लक्षात ठेवतील, पक्ष्यांची नाही. वीसच्या जागी तीन किंवा चार शाळा घे, आणि त्यांत ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत पुन्हा पुन्हा जा. शाळा निवडताना इमारत बघू नकोस, पटावरची मुलं कुणाची आहेत ते बघ. ज्या घरांतली माणसं रोज वाळूवर आणि चिखलात उतरतात, होडी घालतात, कालवं-शिवल्या काढतात, घोडागाडी हाकतात, पर्यटकांना खोल्या देतात, त्या घरांतली मुलं तुला हवीत. किनाऱ्यावर पक्षी बसू द्यायचा की नाही, हे रोजच्या रोज तीच माणसं ठरवत असतात.

आता तारखा. जागतिक स्थलांतरित पक्षी दिन वर्षातून दोनदा असतो, मे आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी. तू मे धरला आहेस. मेमध्ये आपल्या शाळांना सुट्टी, आणि पक्षी उत्तरेला निघून गेलेले. मागे राहतात ते थोडे, बहुतेक पहिल्याच वर्षाचे, ज्यांना अजून वीण करायची नसते. ऑक्टोबरचा दिवस घे. पाऊस सरत आलेला असतो, पक्षी येऊन स्थिरावलेले असतात. त्यानंतर ५ ते १२ नोव्हेंबर हा आपला महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. तो कधी कधी दिवाळीच्या सुट्टीत अडकतो, तेव्हा मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेव. आणि एप्रिल अजिबात सोडू नकोस. परीक्षेची गडबड असते हे खरं, पण हिवाळाभर राखाडी-तपकिरी दिसणारे हे किनाऱ्यावरचे पक्षी जायच्या आधी रंग धरतात. छोट्या वाळूचिखल्याच्या छातीवर तांबूस पट्टा चढतो, बाकदार चोचीचा तुतवार विटकरी होतो. तेच पक्षी असे बदललेले पाहिले की मुलांना कळतं, हे आपल्याकडे नुसते राहायला आलेले नव्हते, कशाची तरी तयारी करत होते.

यापुढचं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. शाळेत पहिल्या दिवशी पक्ष्याचं चित्र दाखवू नकोस. फळ्यावर विचार, "आज भरती किती वाजता?" कोळ्यांची पोरं फटकन सांगतील. ज्यांना येणार नाही त्यांना घरी आजोबांना विचारून यायला सांग. आपल्याकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की बारानंतर किती वाजता पाणी पूर्ण भरतं ते कळतं. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. खाडीत आत गेलं की थोडा उशीर होतो. ज्या मुलाला हा हिशोब आला, त्याला पक्षी कुठे सापडतील हे अर्धं कळलं, कारण या पक्ष्यांचा दिवस सूर्यावर नाही, पाण्यावर चालतो. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर खायचं, भरतीला पाण्याने हटवलं की कोरड्या वाळूवर दाटीवाटीने बसून राहायचं. रात्रीसुद्धा हेच.

तुझ्या कामाला हा हिशोब थेट उपयोगी पडेल. शनिवारी सकाळची शाळा असते. तृतीया-चतुर्थीचा शनिवार आला की आठ-साडेआठला चांगली ओहोटी मिळते, तो दिवस चिखलाचा. एकादशी-द्वादशीच्या शनिवारी त्याच वेळेला पाणी वर असतं, तो दिवस पक्ष्यांचा. कॅलेंडर घेऊन बस आणि आत्ताच खुणा कर. चिखलाच्या दिवशी पाणी वळायच्या आधी सगळी मुलं वर आलेली असली पाहिजेत, आणि गावातला एक जाणता माणूस बरोबर असलाच पाहिजे. यात सवलत नाही.

चिखलाच्या दिवशी काय करायचं, ते सांगते. एक गवंड्याची थापी, एक बादली आणि रवा चाळायची चाळण घे. वीतभर लांब-रुंद चौकोन आख, तेवढाच चिखल वीतभर खोल काढ आणि खाडीच्या पाण्यात चाळून घे. चाळणीत अळ्यांसारखे लालसर किडे वळवळतात, तांदळाएवढ्या शिवल्या असतात, नखाएवढ्या चिंबोऱ्या तिरप्या पळतात. पोरांना वाटत असतं की चिखल म्हणजे घाण. चाळण हातात आली की ते बोलणं आपोआप बंद होतं. मग विणायच्या सुया काढ, वेगवेगळ्या लांबीच्या कापून आणलेल्या काड्याही चालतील. दीड-दोन सेंटिमीटरची एक, ती छोट्या टिलव्याची चोच. पंधरा सेंटिमीटरची एक, ती लांब चोचीच्या कोरल पक्ष्याची. कुठली सुई कुठल्या किड्यापर्यंत पोचते ते मुलांनी स्वतः खुपसून पाहायचं. एकाच चिखलावर इतक्या जातींचे पक्षी न भांडता कसे जेवतात, हे तुला वेगळं समजावावं लागणार नाही. चिखल्याची चोच आखूड असते, तो डोळ्यांनी शिकार करतो, चार पावलं पळायचं, थबकायचं, टिपायचं. मुलांना वाळूवर तसं पळायला लाव. पुढे दुर्बिणीत तशी चाल दिसली की ती स्वतःच ओरडतील, "चिखल्या!"

लांबच्या प्रवासाच्या गोष्टी मुलांना आवडतात, सांगायच्याच. २०२२ साली गॉडविट या लांब चोचीच्या किनारी पक्ष्याचं पाच महिन्यांचं एक पिल्लू अलास्कातून निघालं आणि अकरा दिवस न थांबता १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला उतरलं. मोठी माणसंही हे ऐकून थक्क होतात. पण तो मार्ग प्रशांत महासागरावरचा, आपला नाही. आपण पक्ष्यांच्या मध्य आशियाई स्थलांतर मार्गाच्या दक्षिण टोकाकडे आहोत. म्हणून त्यांना त्यांच्याच वाळूतला पक्षी दाखव. आक्षीच्या पुळणीवर थव्याने बसणारा छोटा वाळूचिखल्या तिबेट-लडाखकडच्या उंच पठारांवर अंडी घालतो, म्हणजे हिमालयाच्या बाजूचा पक्षी थंडीत आपल्या समुद्रावर येतो. छोटा टिलवा येतो तो उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातून, आणि त्याचं वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास. गावच्या दुकानातून पंचवीस ग्रॅम चहापत्तीची पुडी आण आणि वर्गात हातोहात फिरव. त्या वेळी काही बोलू नकोस, पुडी शेवटच्या बाकापर्यंत जाऊ दे. मग नकाशा उघड.

अलिबागकडची मुलंही पहिल्यांदा विचारतात, "फ्लेमिंगो कधी दिसणार?" त्यात त्यांचा दोष नाही. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहितांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झाली, आणि दरवर्षी गुलाबी थव्यांचे फोटो छापून येतात. रोहितामुळे खाडी वाचायला मदत झाली, त्याचे आभारच आहेत. पण त्याच चिखलावर त्याच्या पायाशी हजारो लहान पक्षी चरत असतात, त्यांचा फोटो कुणी छापत नाही. तुझं काम त्या लहानांसाठी आहे, हे विसरू नकोस.

आता गावाकडे वळते. मुलांना शिकवून घरचे सुधारतील, हा समज मला मान्य नाही. दहा वर्षांच्या पोरीने बापाला सांगावं की बाबा, गाडी वाळूत नेऊ नका, आणि बापाने ऐकावं, हे ओझं पोरीवर टाकणं बरोबर नाही. मोठ्यांशी आपण मोठ्यांनीच बोलायचं. आणि मागताना एकच गोष्ट मागायची. कचरा, प्लास्टिक, कुत्री, ड्रोन, फटाके अशी यादी वाचलीस तर लोक मान डोलावतील आणि घरी जातील. तू एवढंच माग, भरतीच्या वेळी जिथे थवा बसतो तेवढा पट्टा, भरतीच्या आधी तास आणि नंतर तास, मोकळा सोडा. तिथून गाडी, घोडागाडी, एटीव्ही नेऊ नका, फोटोसाठी थव्यात धावू नका. कारणही एकच सांग. उत्तरेला निघण्याआधी या पक्ष्यांना अंगावर चरबी चढवावी लागते, काहींचं वजन तर जवळजवळ दुप्पट होतं. तीच त्यांची वाटेतली शिदोरी. दर वेळी उठवलं की त्यातलीच खर्च होते, आणि भरतीला ती भरून काढायला चिखल उघडा नसतो. हे कोळणींना लगेच पटतं, पाणी वर असताना काही मिळत नाही हे त्या रोज अनुभवतात.

त्यांच्याशी बोलताना एक जपायचं. कालवं-शिवल्या काढणाऱ्या बायका पक्ष्यांच्या वैरी नाहीत. दोघांचं पोट एकाच चिखलावर आहे, आणि भराव पडला तर दोघांचंही जातं. तू टेलिस्कोप लावशील तेव्हा सरपंच आणि पाहुण्यांच्या आधी त्यांना बघू दे. पक्षी कुठे बसतात, कुठल्या महिन्यात वाढतात, पूर्वी कुठे बसायचे, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. तू वही काढून लिहून घे. ज्याच्याकडून आपण शिकतो, तो आपलं ऐकायलाही तयार होतो.

वेळासचं उदाहरण तुला सगळे देतील. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने भाऊ काटदरेंच्या पुढाकाराने २००२ पासून तिथे कासवांची घरटी राखली, गावाने ते काम आपलं मानलं, कासव महोत्सव सुरू झाला आणि घराघरांत पाहुणे राहू लागले. फार मोलाचं काम आहे, एकदा जाऊन बघच. पण तसंच्या तसं इथे आणू नकोस. कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दोरीमागे माणसं उभी राहू शकतात. किनाऱ्यावरचा थवा गर्दी आली की उठतो. म्हणून पक्ष्यांमुळे पर्यटक वाढतील, असं गावाला कधी आश्वासन देऊ नकोस. ते खोटं ठरलं तर विश्वास जाईल, आणि खरं ठरलं तर पक्षी जातील.

त्यापेक्षा नागालँडमधलं पांगती आठव. २०१२ मध्ये तिथे अमूर ससाण्यांची जाळी लावून प्रचंड शिकार झाल्याचं उघड झालं. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, ती थांबली. संस्था होत्या, वनखातं होतं, मुलांचे निसर्ग गटही होते. पण गावाच्या पंचांनी आणि चर्चने निर्णय घेतला म्हणून तो टिकला. माग काढायला ट्रान्समीटर लावलेल्या पक्ष्यांची नावं ठेवली ती नागा, पांगती, वोखा. गावाचं नाव पक्ष्याबरोबर आफ्रिकेपर्यंत गेलं. आपल्याकडे तसा निर्णय ग्रामसभेत होतो. २ ऑक्टोबरची ग्रामसभा पक्षी आल्यावर आणि दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आधी पडते, तुझ्यासाठी तीच योग्य. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. बऱ्याच ठिकाणी ती वही कपाटात पडून असते. ती बाहेर काढायला लाव आणि भरतीला थवा बसतो त्या जागा नकाशासकट तीत नोंदवून घे. उद्या तिथे काही बांधायचं निघालं, तर गावाकडे लेखी काहीतरी असेल.

शाळेतही एक जाड वही ठेव. तारीख, तिथी, भरतीची वेळ, थवा कुठे होता, अंदाजे किती, कशामुळे उडाला. शेवटचा रकाना सगळ्यांत कामाचा. गाडी, कुत्रा, घार की माणूस, हे मुलांनी लिहायचं, आणि मार्चमध्ये तेच आकडे पंचायतीपुढे ठेवायचे. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे. तीत मुलांना घे, म्हणजे आपली मोजणी मोठ्या कामाला जोडलेली आहे हे त्यांना कळेल. एखाद्या पक्ष्याच्या पायात कडी किंवा रंगीत पट्टी दिसली तर डावा पाय की उजवा, वर कुठला रंग, खाली कुठला, हे लिहून घ्यायला शिकव आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला (बीएनएचएस) कळव. पक्षी पकडायला मात्र कुणी धावायचं नाही.

आराखडा बदलून पाठव. गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि पालकांची संमतिपत्रं जुलैतच घे, ऑगस्टमध्ये शाळांना वेळ नसतो. दोन साध्या दुर्बिणी माझ्याकडे आहेत, त्या शाळेलाच देऊन टाक. आणि पहिल्या चिखलाच्या शनिवारची तिथी ठरली की मला आधी कळव, मी चाळण घेऊन येते.

तुझ्या,
बाई