पोरी, नोकरी सोडायच्या आधी

पोरी,
तुझा मेसेज दोनदा वाचला. शाळा सोडून झेडपीला उभं राहायचं म्हणतेस आणि तेही आरोग्याचं काम करायला, मग रहा की, मी कशाला अडवू. पण बाईमाणसाला, त्यात शिकवणारीला हे जमतं का असं विचारलंस म्हणून सांगते, केरळच्या के. के. शैलजांकडे बघ. कन्नूरकडच्या शिवपुरम हायस्कूलात सायन्स शिकवायच्या, २००४ ला मुख्याध्यापिका असताना नोकरी सोडली. पुढं आरोग्यमंत्री झाल्या तरी सगळे त्यांना शैलजा टीचरच म्हणतात, आपल्याकडं बाई म्हणतात ना तसं.

त्या मंत्री असताना २०१८ च्या मेमध्ये कोझिकोडला निपाह व्हायरसची साथ आली. लस नाही, खात्रीचं औषध नाही, १७ माणसं गेली. मग हातात उरलं काय, तर यादी! पेशंटजवळ कोण बसलं होतं, त्या वॉर्डात कोण येऊन गेलं, अशी दोन हजारांवर नावं काढली आणि ताप आलाय का म्हणून सगळ्यांवर लक्ष ठेवलं. मला तर ती सरळसरळ हजेरीच वाटते बघ. पोरगं दोन दिवस दिसलं नाही की आपण घरी निरोप धाडतो, तेच हे.

पण ते संकटातलं झालं. मला जास्त भारी वाटतं ते केरळ सरकारचं आर्द्रम मिशन, २०१७ चं. साध्या आरोग्य केंद्रात डॉक्टर-नर्सची पदं वाढवली आणि ओपीडी संध्याकाळी सहापर्यंत नेली, म्हणजे रोजंदारी बुडवायला नको. मी झेडपी सदस्य असताना काय केलं माहितीये? उपकेंद्राची बिल्डिंग आणली, फित कापली, फोटो आले, आणि सिस्टरचं पद दोन वर्षं रिकामं. व्हरांड्यात शेळ्या बसायच्या, आत बीपीचं मशीन पिशवीतच. पदाचं आधी विचारायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

आणि पदाचा भरवसा धरू नकोस. टीचर २०११ ला पेरावूरला विधानसभा हरल्या, २०२१ ला मट्टनूरमधून साठ हजारांवर लीडनं आल्या तरी पक्षानं नवे चेहरे म्हणून मंत्रिपद दिलं नाही, २०२४ ला वडकरात लोकसभा हरल्या. तुझं तर पहिलंच इलेक्शन, त्यामुळं घरचं कर्ज फिटल्याशिवाय राजीनामा लिहू नकोस, नवऱ्याला काय वाटतं ते नंतर बघू.

या सोमवारी तुमच्या पीएचसीत ओपीडीच्या वेळी नुसती बाकावर बसून ये. किती जण औषध न घेता परत गेले ते मोज, मग फोन कर. नऊच्या आत, नंतर मी झोपते.

तुझी बाई