एनएचएसवर ब्रिटिश माणूस का चिडलाय? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

ब्रिटनच्या नॅशनल हेल्थ सर्व्हिसबद्दल, म्हणजे करातून चालणाऱ्या सरकारी आरोग्यसेवेबद्दल (एनएचएस), वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक इथं घेतले आहेत. उत्तरांतले नियम इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड आपापली सेवा वेगळी चालवतात.

२०२० मध्ये लोक दर गुरुवारी रात्री दारात उभे राहून एनएचएससाठी टाळ्या वाजवत होते. लेस्टरला राहणारा माझा मुलगा आता सांगतो की जो तो एनएचएसच्या नावानं खडे फोडतोय. पाच वर्षांत लोकांचा विश्वास एवढा उडाला? – एक वाचक, पुणे

लोक चिडलेत हे खरं. पण कशावर चिडलेत ते पाहिल्याशिवाय विश्वास उडाला असं म्हणता येणार नाही.

'ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स' ही पाहणी १९८३ पासून होते. 'एनएचएस सध्या जशी चालते आहे, त्याबद्दल तुम्ही एकंदरीत किती समाधानी आहात?' असा एक ठरलेला प्रश्न तिच्यात असतो. १९९७ मध्ये ३४ टक्के लोक समाधानी होते. पुढच्या काळात सरकारनं पैसा ओतला, रांगा घटल्या आणि २०१० मध्ये हा आकडा ७० वर गेला. २०१९ मध्येही तो ६० होता. मग मात्र कडा कोसळावा तशी घसरण झाली: २०२१ मध्ये ३६, २०२२ मध्ये २९, २०२३ मध्ये २४ आणि २०२४ मध्ये २१. त्या शेवटच्या वर्षी असमाधानी लोक ५९ टक्के होते.

आता २०२४ च्या त्याच पाहणीतली दुसरी बाजू पाहा. उपचाराच्या वेळी पैसे घेऊ नयेत, असं म्हणणारे ९० टक्के. खर्च मुख्यतः करातूनच व्हावा, असं म्हणणारे ८० टक्के. सेवा सगळ्यांना खुली असावी, असं म्हणणारे ७७ टक्के. कर वाढले तरी चालतील पण एनएचएसवर जास्त खर्च करा, असं ४६ टक्क्यांनी सांगितलं. कर कमी करा आणि खर्चही कमी करा, असं म्हणणारे जेमतेम ८ टक्के. मिळणाऱ्या उपचारांच्या दर्जाबद्दल निम्मे लोक समाधानीच होते. म्हणजे डॉक्टरपर्यंत पोचल्यावर जे मिळतं त्याबद्दल फारशी तक्रार नाही. संताप आहे तो पोचायला लागणाऱ्या वेळाचा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा प्रश्न सगळ्यांना विचारतात, दवाखान्यात गेलेल्यांना आणि न गेलेल्यांनाही. त्यात जीपीच्या, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरच्या, सेवेबद्दल समाधानी होते ३१ टक्के. जीपीकडे नाव असलेल्या रुग्णांची वेगळी मोठी पाहणी होते, तिच्यात मात्र सुमारे तीन-चतुर्थांश लोक स्वतःचा अनुभव चांगला असल्याचं सांगतात. स्वतःच्या डॉक्टरबद्दलचं मत आणि व्यवस्थेबद्दलचं मत यांत हे एवढं अंतर आहे. नुसती एक टक्केवारी वाचून एनएचएसचं भविष्य सांगणाऱ्या बातम्यांकडे म्हणूनच जपून पाहावं.

पण रांग इतकी वाढली कशानं? डॉक्टर कमी आहेत म्हणून? – एक वाचक, कोल्हापूर

डॉक्टर-नर्स कमी आहेतच, पण खरी गाठ रुग्णालयाच्या मागच्या दाराशी बसलेली आहे, आणि ती समजल्याशिवाय पुढच्या दाराची रांग कळत नाही.

ब्याऐंशी वर्षांच्या बाईंचं खुब्याचं हाड मोडतं. शस्त्रक्रिया होते, आठ-दहा दिवसांत डॉक्टर म्हणतात, घरी जायला हरकत नाही. पण घरी एकट्या. उठवायला, आंघोळ घालायला दिवसातून तीनदा कुणीतरी यायला हवं. हे काम एनएचएसचं नाही, ते नगरपालिकेच्या अखत्यारीतल्या 'सोशल केअर'चं. तिथं पैशाची चणचण आणि माणसांची त्याहून. शिवाय ही सेवा सगळ्यांना मोफत नाही: इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांहून जास्त मालमत्ता असेल, तर साधारणपणे खर्च स्वतः करावा लागतो. व्यवस्था लागेपर्यंत बाई वॉर्डातच राहतात. गेल्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये कुठल्याही दिवशी अशा, घरी जाण्याजोगे असूनही अडकलेल्या रुग्णांनी साधारण बारा-तेरा हजार खाटा धरलेल्या असतात.

खाट रिकामी नाही म्हणून तातडीच्या विभागातला (तिथं त्याला 'ए अँड ई' म्हणतात) रुग्ण वर वॉर्डात जात नाही. तो तिथंच ट्रॉलीवर, म्हणून नव्या रुग्णाला जागा नाही. म्हणून रुग्णवाहिका दारात उभी, आणि ती उभी म्हणून ९९९ ला फोन केलेल्या माणसाकडे वेळेत पोचत नाही. खाटा ९२ टक्क्यांपेक्षा जास्त भरल्या की ही साखळी आवळायला लागते, आणि हिवाळ्यात ती मर्यादा नेहमीच ओलांडली जाते.

ए अँड ईमध्ये आलेल्या ९५ टक्के रुग्णांना चार तासांत तपासून घरी पाठवलं किंवा दाखल केलं पाहिजे, असं उद्दिष्ट आहे. संपूर्ण इंग्लंडचा हिशेब धरला तर ते शेवटचं गाठलं गेलं २०१५ च्या जुलैमध्ये. कोविडच्या साडेचार वर्षं आधी. ठरवून करायच्या उपचारांची वेटिंग लिस्ट कोविडआधी ४५ लाखांच्या वर होती; सप्टेंबर २०२३ मध्ये ती ७७ लाखांच्या आसपास गेली. (हे आकडे नोंदींचे. गुडघा आणि मोतीबिंदू अशा दोन रांगांत असलेला माणूस दोनदा मोजला जातो.) तेव्हा 'सगळं कोविडनं केलं' हे उत्तर अर्धवट आहे. २०१० नंतरच्या दशकात एनएचएसचा खर्च महागाई वजा जाता वर्षाला एखाद टक्क्यानं वाढत राहिला. आधीच्या दीर्घ काळातली सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास होती. रोजचा खर्च भागवण्यासाठी इमारती आणि यंत्रांचे पैसे वळवले गेले. म्हणून स्कॅनर जुने, संगणक जुने, आणि काही ठिकाणी छपरं टेकू लावून धरलेली.

मी आणि माझी पत्नी चार महिन्यांसाठी मुलीकडे लंडनला जाणार आहोत. ती आणि जावई दोघंही तिथं कर भरतात. आम्हाला उपचार मोफत मिळतील ना? – एक वाचक, नाशिक

नाही, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. मुलीनं भरलेला कर आई-वडिलांना लागू होत नाही. भारत आणि ब्रिटन यांच्यात आरोग्यसेवेचा परस्पर करारही नाही.

जीपीला भेटणं मोफत आहे. तीन महिन्यांपेक्षा कमी राहणाऱ्यांना तात्पुरतं नाव नोंदवता येतं, जास्त राहणाऱ्यांना कायमचं. पत्त्याचा किंवा व्हिसाचा पुरावा नाही म्हणून इंग्लंडमध्ये नोंदणी नाकारता येत नाही. ए अँड ईमध्ये होणारे उपचारही मोफत, पण फक्त त्या विभागात असेपर्यंत. तिथून वॉर्डात दाखल केलं किंवा तज्ज्ञाच्या बाह्यरुग्ण विभागाची तारीख दिली, की मीटर सुरू झालं. पाहुण्यांना एनएचएसच्या ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी होते. तातडीचे उपचार पैशांसाठी अडवत नाहीत, बिल मागून येतं. जे थांबू शकतं त्याचे पैसे आधी मागतात. ५०० पौंड किंवा त्याहून जास्त रक्कम दोन महिने थकली, तर गृहखात्याला कळवली जाऊ शकते आणि पुढचा व्हिसा अडू शकतो. क्षयरोगासारख्या काही संसर्गजन्य आजारांवरचे उपचार मात्र सगळ्यांसाठी मोफत आहेत.

म्हणून प्रवासविमा निघण्यापूर्वी घ्या आणि अर्जात मधुमेह, रक्तदाब, स्टेंट, जे असेल ते सगळं लिहा. हप्ता वाढेल म्हणून लपवलेला आजार हे दावा फेटाळला जाण्याचं ठरलेलं कारण असतं.

औषधं मुक्कामाला पुरतील एवढी, मूळ पाकिटांतच न्या. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या आणि तिच्यात कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहून घ्या: ग्लायकोमेट नको, मेटफॉर्मिन, टेल्मा नको, टेल्मिसार्टन, थायरोनॉर्म नको, लेव्होथायरॉक्सिन. आपली ब्रँडनावं तिथल्या डॉक्टरला काहीच सांगत नाहीत. रक्तातल्या साखरेचं मापही वेगळं. आपल्याकडच्या आकड्याला १८ नं भागा: १२६ म्हणजे तिथले ७, १८० म्हणजे १०. आपली सात टक्के एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) तिथं ५३ म्हणून लिहितात. तो ५३ पाहून घाबरू नका.

मँचेस्टरला नोकरी करतो. व्हिसाबरोबर वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरलाय, पगारातून करही जातो. तरी जीपीची अपॉइंटमेंट नाही, डेंटिस्ट तर कुणी घेतच नाही. वर 'तुम्हा परदेशी लोकांमुळे रांगा वाढल्या' हे ऐकून घ्यायचं. – एक वाचक, मँचेस्टर

आधी शेवटचं. हा अधिभार २०१५ मध्ये वर्षाला २०० पौंड होता. तो ४०० झाला, मग ६२४, आणि फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५. विद्यार्थी आणि मुलांसाठी ७७६. तुमच्यासारखे लोक करावर हा वेगळा भार उचलतात. आणि ही सेवा उभी कुणी ठेवली तेही सांगायला हवं. पन्नास-साठच्या दशकांत भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांनी तिथल्या डॉक्टरांना नको असलेली कामं केली: वृद्धांचे वॉर्ड, मनोरुग्णालयं, दक्षिण वेल्सच्या खाणींच्या गावांतले दवाखाने. मुंबई-पुण्याच्या मेडिकल कॉलेजांत शिकलेलेही त्यांत होते. भारतातली पदवी १९७५ पर्यंत तिथं थेट मान्य होती.

आता अपॉइंटमेंटचं. सकाळी आठच्या फोनच्या झुंबडीत पडू नका. १ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या जीपींना तातडीच्या नसलेल्या तक्रारींसाठी ऑनलाइन फॉर्म सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३० उघडा ठेवावा लागतो. त्यात 'पोटात दुखतंय' एवढंच लिहिलं तर तुम्ही मागे पडता. कुठं, किती दिवस, वाढतंय की कमी होतंय, ताप किती, वजन घटलं का, कोणती औषधं चालू आहेत, हे पाच-सहा ओळींत लिहा. कुणाला आज बघायचं आणि कुणाला पुढच्या आठवड्यात, हे त्यावरूनच ठरतं. रिसेप्शनिस्ट कारण विचारते तेही त्यासाठीच. तिला चोंबडी समजू नका.

सात तक्रारींसाठी जीपीची गरजच नाही, केमिस्ट स्वतः तपासून औषध देऊ शकतो: सायनस (१२ वर्षांवरील), घसादुखी (५ वर्षांवरील), कानदुखी (१ ते १७ वर्षं), चिघळलेला कीटकदंश, इम्पेटायगो हा त्वचेचा संसर्ग, नागीण (१८ वर्षांवरील) आणि बायकांची लघवीची जळजळ (१६ ते ६४ वर्षं). ही सोय जानेवारी २०२४ अखेरीपासून आहे आणि पुष्कळांना ती माहीतच नाही. औषधाला दर नगामागे, म्हणजे चिठ्ठीतल्या प्रत्येक औषधामागे, ९.९० पौंड पडतात. वर्षात १२ किंवा जास्त नग लागणार असतील तर ११४.५० पौंडांचं वार्षिक प्रमाणपत्र काढा. वेल्स, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंडमध्ये हे पैसे पडत नाहीत.

डेंटिस्टचा प्रश्न खरोखर बिकट आहे, आणि त्याचं मूळ २००६ च्या करारात आहे. त्या करारानं कामाचे तीन गट पाडले. एक दात भरला काय आणि पाच भरले काय, डेंटिस्टला मोबदला तेवढाच. साहजिकच ज्याचं तोंड जास्त बिघडलेलं तो रुग्ण तोट्याचा ठरला आणि डेंटिस्ट खासगीकडे वळले. २०२२ च्या अखेरीस दुरुस्ती झाली, पण गेलेले फारसे परतले नाहीत. रुग्णाला २०२५-२६ मध्ये तपासणीला २७.४० पौंड, दात भरणं वा काढणं याला ७५.३०, आणि कॅप किंवा कवळीला ३२६.७० पौंड पडत होते. जीपीसारखी डेंटिस्टकडे कायमची नोंदणी नसते, त्यामुळे घराजवळच्याच डेंटिस्टवर अडून बसू नका, शेजारच्या गावातही फोन करा. ठणका, सूज किंवा रक्तस्राव असेल तर १११ या एनएचएसच्या हेल्पलाइनला फोन करून तातडीची वेळ मागा.

रांगेला कंटाळून लोक खासगीकडे जातायत असं वाचलं. मग एनएचएस हळूहळू गरिबांपुरतीच उरेल का? – एक वाचक, नागपूर

ती भीती खरी आहे. मोतीबिंदू, गुडघा, खुबा यांसाठी स्वतः पैसे भरणारे वाढले आहेत. पण तिथल्या खासगी रुग्णालयांत सहसा तातडीचा विभाग नसतो. हृदयविकाराचा झटका आला तर सगळे एनएचएसकडेच जातात. शिवाय खिशातून पैसे काढण्याआधी एक हक्क वापरायला हवा. जीपीनं तज्ज्ञाकडे पाठवताना रुग्णालय निवडायचा अधिकार इंग्लंडमध्ये रुग्णाला आहे, आणि त्या यादीत एनएचएसचं काम घेणारी खासगी रुग्णालयंही असतात. खर्च एनएचएसचाच. दोन रुग्णालयांच्या प्रतीक्षेत कधी कधी कित्येक आठवड्यांचा फरक असतो, म्हणून विचारा.

आपल्याकडे असं काही कधी ठरलंच नव्हतं का? – एक वाचक, सातारा

ठरलं होतं, आणि जवळजवळ एकाच वेळी. ब्रिटनमध्ये कल्याणकारी राज्याचा आराखडा मांडणारा बेव्हरिजचा अहवाल १९४२ चा, एनएचएस ५ जुलै १९४८ ची. आपल्याकडे सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, हे त्याचंही पहिलं तत्त्व होतं. दहा ते वीस हजार लोकांमागे ७५ खाटांचं रुग्णालय, अशी त्याची दूरची योजना होती. प्रत्यक्षात आली ती प्राथमिक आरोग्य केंद्रं, आजच्या निकषानं सपाट भागात ३० हजारांमागे आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजारांमागे एक.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या केंद्रांत आणि रुग्णालयांत केस पेपरपासून उपचारांपर्यंत सगळं मोफत केलं आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत. निर्णय चांगला आहे. पण ब्रिटनमध्ये मंत्र्याचा शेजारी, शिक्षक आणि बसचालक एकाच रांगेत उभे असतात, म्हणून रांग वाढली की सरकार डळमळतं. आपल्याकडचा बोलका, शिकलेला वर्ग त्या रांगेतून केव्हाच निघून गेला. जिल्हा रुग्णालयात सोनोग्राफीचं यंत्र महिनोन् महिने बंद असेल, तर तालुक्यातले कितीजण त्याबद्दल लेखी तक्रार करतात?