फूड ड्राइव्हमध्ये खरं काम वर्गवारीचं

परदेशात गेल्यावर फूड ड्राइव्हमध्ये, म्हणजे गरजूंसाठी खाण्याच्या वस्तू गोळा करून वाटण्याच्या मोहिमेत, स्वयंसेवक होता येईल का आणि तिथे नेमकं काय करावं लागतं, असं तुम्ही विचारलंय. होता येतं, पण आधी व्हिसाच्या अटी वाचा. पगार नाही म्हणजे ती नोकरी नाही, असं धरून चालू नका. ब्रिटनमध्ये ठरलेल्या वेळा आणि करार असलेलं बिनपगारी काम विद्यार्थी व्हिसाच्या आठवड्याच्या तासांत मोजलं जातं. अधूनमधून केलेली मदत मोजली जात नाही. आपलं काम कोणत्या प्रकारात बसतं, ते संस्थेकडून लेखी घ्या.

धान्य गोळा करणं सोपं असतं. कस लागतो तो वर्गवारीच्या टेबलावर. फुगलेला, गळका, खोल गंजलेला किंवा शिवणीवर, म्हणजे पत्र्याच्या जोडावर, पोचा आलेला डबा थेट बाद करायचा. शिवण ढिली झाली की जंतू आत शिरतात, आणि फुगलेल्या डब्यात बॉट्युलिझम या जीवघेण्या आजाराचं विष असू शकतं. वास घेऊन, चाखून खात्री करायला जाऊ नका. बाजूला हलकासा पोचा असेल तर चालतो.

तारखांमध्ये नवे लोक हमखास गोंधळतात. ‘बेस्ट बिफोर’ दर्जाबद्दल असतं, त्यामुळे ती उलटलेला काही कोरडा माल संस्था आपल्या नियमांनुसार घेतात. ‘यूज बाय’ सुरक्षिततेबद्दल असतं, ते उलटलं की विषय संपला. बाळांच्या दुधाच्या पावडरीवर कोणतीही तारीख उलटलेली असो, ती द्यायची नाही. घरी केलेले पदार्थ कितीही प्रेमाने दिलेले असले तरी बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. त्यात काय आहे हे लिहिलेलं नसतं आणि ॲलर्जी जिवावर बेतते. अनोळखी भाषेतलं लेबलही याच कारणाने बाजूला काढून विचारा.

खोकं भरताना जड डबे तळाशी, वजन दहा-बारा किलोंच्या आत. केळ्यांच्या खोक्यांना तळाला भोक असतं, तिथे आधी पुठ्ठा घाला, नाहीतर उचलताच डबे पायावर येतात. म्हणून बूट बंदच हवेत. साबण, डिटर्जंट वेगळ्या खोक्यात, कारण त्यांचा वास पिठाला लागतो. आतली सर्वांत जवळची तारीख बाहेर ठळक लिहा.

वाटपाच्या रांगेचे फोटो काढू नका. तिथे उभं राहणं अनेकांना जड गेलेलं असतं. आणि नाव नोंदवताना सणासुदीनंतरचे महिने मागून घ्या. सणात हात भरपूर असतात, नंतर टेबलं रिकामी पडतात.