चढणीच्या माशांची पिल्लं नंतर जातात कुठे?

चढणीचे मासे (रायगडकडे वळगणीचे म्हणतात) मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात नदीतून ओढ्यात आणि तिथून थेट भातखाचरात घुसतात ते अंडी घालायला, हे बऱ्याच जणांना माहितीये, पण पिल्लांचं काय हे कोणी विचारत नाही, म्हणून प्रश्न आवडला.

पिल्लू बारीक असताना त्याला धारेत टिकताच येत नाही, म्हणून ते खाचरात नाहीतर ओढ्याच्या कडेला, गवताच्या मुळांत, दगडाच्या आडोशाला राहतं. तिथलं पाणी उथळ आणि कोमट, बारीक किडे भरपूर, मोठे मासे कमी. मरळीची पिल्लं तर सहज दिसतात, लालसर नारिंगी झुंड वर येऊन हवा घेते आणि खाली आई-बाप राखण करत असतात, तिथे हात घालू नका उगाच 😄

पाऊस ओसरला की खाचरं आटायला लागतात, मग पिल्लं पाण्याबरोबर खाली ओढ्यात, नदीत उतरतात, आणि उन्हाळा काढायचा तो डोहातच. त्यामुळे मधे बंधारा घातला किंवा डोह गाळाने भरला तर पुढच्या वर्षी चढायला मासे कमीच. आणि चढतानाच पोटात गाबोळी (अंडी) असलेले सगळे मासे काठीने झोडपून नेले तर पिल्लं येणार कुठून?